सगळ्या घराचे दात

सरांच्या दवाखान्यात एकट्याचे दात तपासून घ्यायची सोय नव्हती. लहान मूल घेऊन कुणी आलं, की सोबत जो जो आला असेल त्या प्रत्येकाला तोंड उघडावं लागे. आई, बाप, आजी, मामा, झालंच तर बाजारला जायचं म्हणून त्याच ऑटोत बसलेली शेजारीण. 'माहे दात चांगले हायेत जी, लेकराले दाखवाले आणलं,' असं कुणी म्हणालंच, तर सर तीन सेलची बॅटरी त्याच्या नाकासमोर धरत आणि म्हणत, 'लेकरू काय आभायातून पडलं? तुमच्याच घरातून आलं ना? मंग घर दाखवा.' माणसं कुरकुरत रांगेत उभी राहायची. एकदा तर पेशंट समजून त्यांनी वीजबिल द्यायला आलेल्या माणसाची अक्कलदाढ मोजली होती.

मी त्यांच्याकडे लागले तेव्हा नुकतीच बीडीएस झाले होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. दुर्मिळ दंतविकारांची लांबलचक नावं मला पाठ होती, आणि त्यातला एकही मी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. पहिल्याच आठवड्यात मी एका आजीसमोर असलं एक नाव धडाधड म्हणून दाखवलं. सर शांतपणे म्हणाले, 'बाई, आता हेच त्यांना समजेल असं सांगा.' मला सांगता आलं नाही. त्यानंतरची चार वर्षं मी तेवढंच शिकत होते असं म्हटलं तरी चालेल.

ही गोष्ट नव्वदच्या दशकातली. हिंगणघाटला बाजाराच्या मागच्या गल्लीत खाली सरांच्या थोरल्या भावाचं सरकी-ढेपेचं दुकान होतं आणि वर दवाखाना. जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत ढेपेचा वास यायचा, चौथ्या पायरीपासून लवंगेच्या तेलाचा. अजूनही कुठे गुरांसाठी ढेप भिजत घातलेली दिसली की माझी जीभ नकळत दातांवरून फिरते. थोरले भाऊ बिचारे कायम वैतागलेले असत. 'याच्यापायी माह्या दुकानासमोर दिवसभर बैलबंड्या उभ्या राह्यतात, अन् ढेप कोणीच नेत नाई,' हे ते मला रोज सांगत, आणि दुपारी स्वतःच वर चहा पाठवत.

घराणं कापसाच्या व्यापाऱ्यांचं. सरांचं लहानपण वडिलांचं बोट धरून कापसाच्या लिलावात गेलेलं. त्यामुळे तोंडात डोकावून ते जे दिसेल ते लिलावातल्यासारखं पुकारत. 'वरचे दहा! खालचे नऊ! उजवी दुसरी दाढ किडली! डावी हलते!' मी कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून लिहून घ्यायची. बाकावर बसलेल्या पंधरा-वीस माणसांना कुणाच्या तोंडात काय आहे याची इत्थंभूत माहिती मिळे. कुणाला त्याचं काही वाटत नसे. उलट खाली उतरताना लोक एकमेकांना आकडे विचारत. मला मात्र नागपूरच्या कॉलेजची शिस्त होती, म्हणून मी एकदा म्हटलं, 'सर, जरा हळू सांगितलं तर?' ते म्हणाले, 'दातात लपवण्यासारखं काय असतं?' मला उत्तर सुचलं नाही. ते सुचायला हवं होतं, असं पुढे फार वाटलं.

अगदी लहान मुलाला ते खुर्चीवर कधीच घेत नसत. दोन स्टुलं समोरासमोर मांडायची, एकावर सर बसायचे, दुसऱ्यावर मुलाच्या घरचं माणूस. गुडघ्याला गुडघा लावायचा, त्यावर मूल आडवं करायचं, डोकं सरांच्या मांडीत आणि पाय घरच्या माणसाच्या कमरेला. म्हणजे मुलाला आपल्या माणसाचा चेहरा दिसतो आणि डॉक्टरला तोंड. पुस्तकात ही पद्धत आहेच. पण हिंगणघाटात परक्या पुरुषाच्या गुडघ्याला गुडघा लावून कुठली बाई बसणार? सरांनी त्यावर तोडगा काढला होता. ते सरळ बापाला बसवत. आणि बापांची जी तारांबळ उडायची! ज्यांनी पोराला कधी कडेवर घेतलं नव्हतं ते मोठमोठे मिशाळ गडी पोराचे दोन पाय धरून घामाघूम व्हायचे. 'अरे, बैलाचे पाय धरल्यासारखे काय धरून राह्यला? तुह्याच लेकराचे हायेत ते,' असं सर ओरडत. माझी खात्री आहे, त्या स्टुलावर बरेच बाप पहिल्यांदा बाप झाले.

दुसरी एक गोष्ट त्यांच्याकडे कडक होती. मुलाला खोटं सांगायचं नाही. 'काही दुखत नाही बरं का बाळा,' हे वाक्य दवाखान्यात कुणी उच्चारलं तर त्याला बाहेर जिन्यात उभं करत, मग ती मुलाची आई का असेना. मुलाने विचारलं, 'दुखन का?' तर सर सांगत, 'दुखन. पाचपर्यंत मोजजो. सहावर गेलं तर मले चापट मारजो.' एका पोराने खरंच मारली. सर गाल चोळत मला म्हणाले, 'बरोबर आहे त्याचं. सात झाले होते.'

किडलेले दात तर सगळ्यांकडेच येत. ते सर नेमाने आणि निमूटपणे भरत. पण ज्यांचे दात मुळातच वेगळे, उगवलेच नाहीत, वेडेवाकडे उगवले, किंवा वेळेआधी उगवले, अशी पोरं आली की त्यांच्या अंगात उत्साह संचारे. तळेगावहून एकदा तीन दिवसांचं बाळ आलं. खालच्या हिरडीत दोन दात घेऊनच जन्मलेलं. घरचे भेदरलेले, आजी तर बाळाकडे पाठ करून बसलेली. दात आत्ताच्या आत्ता काढा, म्हणाली. सरांनी बोटाने दात हलवून पाहिले आणि सांगितलं, 'दहा दिवस थांबा. बारसं करून आणा.' इतक्या कोवळ्या बाळाचं रक्त लवकर थांबत नाही, म्हणून थांबायचं होतं. घरच्यांना वाटलं, डॉक्टर मुहूर्त पाहून राह्यले. त्यांचा सरांवरचा विश्वास एकदम वाढला. मी खरं कारण सांगायला पुढे झाले, तर सर म्हणाले, 'ते मी आधीच सांगितलंय. त्यांना त्यांचं ऐकू येतंय, येऊ द्या. बाळाचे दहा दिवस तर निघतील.'

आणि सिंदी रेल्वे गावची ती पोरगी. सात वर्षांची, दात पिवळे-तपकिरी, खरबरीत, थंड पाणी लागलं की रडायची. तिच्या दातांवर वरचं कठीण कवचच नीट तयार झालं नव्हतं, जन्मापासून. शाळेत मास्तर तिला रोज उभं करायचे, दात घासत नाही म्हणून. पोरगी सकाळ-संध्याकाळ राखेने घासघासून हिरड्या सोलून घ्यायची. सरांनी तिच्या दाढांवर स्टीलच्या टोप्या बसवल्या आणि शाळेला चिठ्ठी लिहिली: 'गुरुजी, ही मुलगी तुमच्यापेक्षा जास्त दात घासते. खात्री करायची असेल तर स्वतःचे दात घेऊन या.' गुरुजी खरंच आले, भांडायला. सरांनी त्यांना रांगेत उभं केलं, बॅटरी लावली आणि पुकारलं, 'गुरुजी! खालचे चार हलतात!' गुरुजी पुढे वर्षभर आमचे पेशंट होते.

असं सगळं हसतखेळत चाललेलं असताना अल्लीपूरचा पिंटू आला.

चैत्र संपत आला होता. आमच्या खोलीतला कूलर दिवसभर घरघरत असे. बाजाराचा दिवस, बाक भरलेले. पिंटू चार वर्षांचा. सोबत बाप, आई आणि आजी. त्यांची अल्लीपूरला भाजीची वाडी होती, वांगी, टमाटे, मेथी, संभार म्हणजे कोथिंबीर. बोलत होती ती आजी. बाप बाजूला उभा, आई त्याच्याही मागे, पदर तोंडावरून घेतलेला.

'याले दातच नाई येऊन राह्यले जी,' आजी म्हणाली. 'वरते दोन आले, तेही सुईवानी. भाकर वरणात कालवून द्या लागते.'

सरांनी पिंटूला स्टुलावर घेतलं. वर दोन टोकदार दात, बाकी सगळी हिरडी सपाट. डोक्यावर केस विरळ, मक्याच्या कणसाच्या शेंड्यासारखे. भुवया जवळजवळ नाहीतच. सरांनी दात बघायचे सोडून त्याच्या कपाळावर तळहात ठेवला आणि विचारलं, 'याले घाम येते का?'

आजी बुचकळ्यात पडली. 'दाताचं अन् घामाचं काय जी?'

'येते का नाई, सांगा.'

'नसन येत. आम्ही कायले पाह्यतो? उन्हाळ्यात तापच येते त्याले. काऊन का ऐकत नाई पोट्टा. वांग्यायले पाणी सोडलं का सरीत जाऊन लोळते. मारलं तरी लोळते. मंग ताप चढते. मंग आम्ही खोलीत निजवतो, गोधडी पांघरून.'

सरांनी बॅटरी विझवली. मी त्यांना इतकं हळू बोलताना त्याआधी ऐकलं नव्हतं. 'माय, उलटं हाय. पाण्यानं ताप नाई येत. दात, केस अन् घामाचे छिद्र, हे सारे पोटात एकाच थरातून बनतात. याचा तो थर कमजोर हाय. घाम नाई म्हणून याचं आंग तापते, अन् तापते म्हणून हा पाण्यात जाते. हा शायना हाय. आपण येडे. याले लोळू द्या. ओलं फडकं ठेवा आंगावर. गोधडी पांघरली तर हातचं जाईन लेकरू.'

आजीने मान डोलावली. तिला पटलं होतं की नव्हतं, कळायला मार्ग नव्हता. इथे सर थांबले असते तर बरं झालं असतं. पण ते उठले, बॅटरी पेटवली, आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, 'चला, आता घर दाखवा.'

बापाचे दात मोत्यासारखे एकूण एक शाबूत. आजीच्या तोंडात तंबाखूने काळे झालेले पाच उरलेले. मग आईची पाळी आली. शोभा तिचं नाव. तिने पदर बाजूला करायला वेळ लावला. मला वाटलं, लाजते आहे. सरांनी बॅटरी लावली आणि लिलाव सुरू झाला. 'आई! वर उजवीकडचा दुसरा नाही! डावीकडचा दुसरा टोकदार! खाली पुढचे दोन नाहीत!'

कूलरच्या आवाजात मला नीट ऐकू आलं नाही. मी मान वर करून विचारलं, 'सर, नसलेला डावा की उजवा?' सरांनी सगळं पुन्हा सांगितलं, आधीपेक्षा मोठ्याने.

बाकावरचे सगळे शोभाच्या तोंडाकडे बघत होते. आजीने विचारलं, 'म्हणजे हे इच्याकडून आलं का?'

'हो,' सर म्हणाले. 'आईकडून येते. आईत थोडं दिसते, पोरात पुरं दिसते.'

खरं तेच सांगितलं. सरांचा दोष सांगायचाच तर हा, की खरं सांगताना ते कुणादेखत सांगतोय हे पाहत नसत. शोभाने पदर पुन्हा तोंडावर घेतला. आजी एक शब्द न बोलता जिना उतरून गेली. मी वहीत 'उजवा' लिहिलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

पंधरा दिवसांनी पिंटूच्या कवळीसाठी माप घ्यायचं ठरलं होतं. त्या दिवशी बाप एकटाच आला. दारातच उभा राहिला.

'पोरगा कुठी हाय?' सरांनी विचारलं.

'आजोबाकडं. माय-लेक दोघंही. बुढीनं धाडून देल्लं.' तो जमिनीकडे बघत होता. 'बुढी म्हणते, त्यांच्या घरचं दुखणं त्याईनंच निस्तरावं. लग्नात सांगतलं नाई म्हणते.'

'अन् तू काय म्हणला?'

तो काहीच म्हणाला नव्हता हे दिसतच होतं.

सरांनी शोभाचं माहेर कुठलं ते विचारलं. कोरडवाहू गाव, टिनाचं छप्पर, विहिरी आटलेल्या, पाण्याला टँकर. वैशाखातली वर्ध्याची दुपार कशी असते हे ज्याने भोगलंय त्याला मी काय सांगू! दुपारी बाराला रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. त्या टिनाखाली घाम न येणारं चार वर्षांचं पोर. 

सर पेशंटच्या खुर्चीत जाऊन बसले. मग मला म्हणाले, 'डावा की उजवा, हे तुम्ही विचारलंत ना?'

'हो सर.'

'मग दोघांची चूक आहे,' ते म्हणाले. इतका वेळ मी ते कुणी म्हणावं याचीच वाट बघत होते, आणि म्हटल्यावर रडू आलं ते आलंच.

सरांनी बापाला निरोप दिला: रविवारी सकाळी मी अल्लीपूरला येतो, माप घरीच घेतो, दोघांना आणून ठेव. रविवारी सकाळी आम्ही स्कूटरवर निघालो. ऊन लागू नये म्हणून काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोने, दोघांच्या खिशात एकेक कांदा टाकला.  रस्ताभर मी मनात सरांचं भाषण तयार करत होते. त्यांनी स्वतः काय तयार केलं होतं, याची मला कल्पना नव्हती.

वाडीत घरासमोर बाज टाकलेली. आजी तिच्यावर बसलेली. शोभा पिंटूला घेऊन पंधरा पावलांवर लिंबाखाली बसली होती, परकी पाहुणी बसावी तशी. पोराच्या डोक्यावर ओलं फडकं होतं. ती बाटलीतून त्यावर थोडं थोडं पाणी सोडत होती, आणि एक थेंब खाली गेला तरी हाताने टिपून त्याच्या गळ्याला लावत होती.

सर आजीजवळ गेले. 'माय, त्या दिवशी तुमचे दात नीट पाह्यले नाई. उघडा.' आजीने कपाळाला आठ्या घालून तोंड उघडलं. सरांनी भर उन्हात बॅटरी लावली, बराच वेळ आत पाहिलं, आणि म्हणाले, 'हं. हे समोरचे दोन तुमचे आलेच नसन कधी. म्हणजे हे दोन्हीकडून आलं. तुमच्याही घरून.'

मी थक्क झाले. पाच वर्षांच्या पोराला 'दुखणार नाही' एवढं खोटं न सांगणारा माणूस साठीच्या बाईला धडधडीत खोटं सांगत होता, आणि सांगताना त्याचे कान लाल झाले होते. खोटं बोलायची सवय नसली की असं होतं.

'आलेच नाई कसे?' आजी उसळली. 'दोरा बांधून मीच उपटले ना ते! डॉक्टर हाय का कोण हाय तुम्ही?'

 सर बॅटरी बंद-चालू करत राहिले. तेवढ्यात लिंबाखालून शोभाचा आवाज आला. मी तो पहिल्यांदाच ऐकत होते.

'कायले खोटं बोलता जी डॉक्टर साहेब? माह्याच घरून आलं. माह्या भावाले असंच होतं.'

उंबऱ्यावर बसलेला बाप दचकून उठला. त्याला हे ठाऊक नव्हतं. आजी वळून बघायला लागली. शोभाने पदर घेतला नव्हता.

'असेच केस, असेच दोन दात. तोही पाण्यात जाऊन बसे. कोणाले समजलं नाई. मे महिन्यात ताप आला त्याले. दार लावलं, गोधडी टाकली. तो पांघरूण फेके. माय म्हणे, धर, घाम आला का ताप उतरते. मी आठ वर्साची होती. मीच धरून बसली होती गोधडी. चारही कोपरे दाबून.' तिने पिंटूच्या डोक्यावरचं फडकं उलटं केलं. 'संध्याकाळी गेला तो. सारे म्हणे, लू लागली. आजवर मलेही तसंच वाटे. तुम्ही त्या दिवशी सांगतलं तवा समजलं. चारचौघांत सांगतलं त्याचं काही नाई वाटलं मले. सांगतलं हेच खूप झालं. नाई त याच्यावरही गोधडीच पडली असती.'

 आजी बाजेवर बसून स्वतःच्या हातांकडे बघत होती. ताप आला की पिंटूला गोधडी पांघरून निजवतो, हे तिनेच आम्हाला सांगितलं होतं. मग तिने विचारलं, 'तुह्या बापाकडं पाणी किती येते?'

'एक दिसाआड. दोन गुंड.' म्हणजे दोन घागरी.

'दोन गुंड?' आजी उठली. आवाज अगदी भांडणाचा होता. 'दोन गुंड पाण्यात हे लेकरू ठेवलं तू इतके दिस? अन् इथी मोटर चालू हाय, इहीर भरली हाय! बसली काऊन तिथी? उचल त्याले. अन् तू रे,' हे लेकाला, 'पाहून काय राह्यला? वांग्यात पाणी सोड!'

मला तेव्हा आजीचा राग आला होता. तिनेच धाडलं आणि तीच ओरडते. आता वाटतं, माफी मागायची तिची तीच रीत असेल. शोभानेही ती तशीच घेतली. उठली, पोराला उचललं आणि आजीच्या मागोमाग विहिरीकडे गेली.

पिंटूच्या कवळीचं पुढे सगळं नीट झालं, ते इथेच सांगून टाकते. चार वर्षांच्या पोराला कवळी म्हणजे लोकांना चेष्टा वाटे. पण ती त्याने आठ दिवसांत आपलीशी केली. जबडा वाढतो तशी कवळी लहान होते, त्यामुळे दर दीड-दोन वर्षांनी नवी. शाळेत तो डबा खाताना ती लावी आणि खेळताना काढून कंपासपेटीत ठेवी. सर त्याला 'अल्लीपूरचे आजोबा' म्हणत. उन्हाळ्यात शाळेला ओला टॉवेल घेऊन जायची परवानगी सरांनी त्याला चिठ्ठी लिहून मिळवून दिली. त्या रविवारपासून दवाखान्यात पुकारणंही बंद झालं. सर वाकून माझ्या टेबलाशी येत आणि कानात आकडे सांगत. बाकावरच्या लोकांना ते मुळीच आवडलं नाही. डॉक्टरचा घसा बसला काय, असं विचारत. सर आता नाहीत. मी वर्ध्यात माझा दवाखाना चालवते, त्यांच्याइतका चांगला चालवत नाही, आणि घर मात्र सगळ्यांचं तपासते.

पण मला सांगायचं आहे ते त्या रविवारच्या परतीचं. माप घेऊन झालं, चहा झाला, आजीने आमच्या पिशवीत बळेच वांगी कोंबली. आम्ही निघालो. ऊन चढलं होतं. मला हलकं हलकं वाटत होतं, आणि सरांनाही वाटत असेल असं मी धरून चालले होते. गावापासून चार-पाच किलोमीटर आल्यावर त्यांनी एकदम स्कूटर थांबवली. मला वाटलं, पंक्चर.

'त्याचं नाव विचारायचं राहिलं,' सर म्हणाले.

'कुणाचं? पिंटूचं?'

'तिच्या भावाचं. तिने एवढं सांगितलं आणि आपण मापाचं सामान काढायला लागलो.' एवढं बोलून त्यांनी स्कूटर फिरवली.

मी घड्याळ बघितलं, साडेअकरा झाले होते. निरोप पाठवता आला असता, बापाला पुढच्या वेळी विचारता आलं असतं. तरी आम्ही त्याच उन्हात परत गेलो.

वाडीत मोटर चालू होती. पिंटू वांग्याच्या सरीत पोटावर पडून हातांनी चिखल ढकलत होता. शोभा टाक्याजवळ कपडे पिळत होती. आजी पलीकडे मेथीच्या जुड्या बांधत होती. आम्हाला परत आलेलं पाहून शोभा घाबरली. काहीतरी वाईट सांगायला आले, असंच तिला वाटलं असणार.

सर तिच्यापासून जरा अंतरावर उभे राहिले आणि हळू आवाजात म्हणाले, 'ताई, तुमच्या भावाचं नाव काय होतं?'

तिने हातातला पिळा टाक्यावर ठेवला. मग म्हणाली, 'गजू.' आणि थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, 'गजानन नाव होतं. आम्ही गजू म्हणो.' तिचे डोळे भरून आले, पण ती हसत होती. त्या टोकदार दाताने ती फार गोड दिसत होती.

पलीकडून आजीने जुडी बांधायची थांबवून विचारलं, 'केवढा होता वो?'

शोभाने उत्तरादाखल ओला हात पुढे केला आणि जमिनीपासून कमरेइतक्या उंचीवर धरला. 'एवढा.'

आई बोलावते आहे असं पिंटूला वाटलं. तो चिखलातून उठला, धावत आला आणि त्या हाताखाली येऊन उभा राहिला.